वकिलीणबाई आणि कॅमेरा

गेल्या वर्षी भाऊबीजेच्या दिवशी आमच्या घरी एक भांडण झाले. ओवाळणीचे तबक अजून पाटाजवळच होते, अण्णांच्या कपाळावरचे कुंकू ओले होते, आणि त्यांच्या मुलीने, म्हणजे माझ्या भाचीने, सांगून टाकले की यापुढे ती आठवड्यातले तीनच दिवस कोर्टात जाणार. उरलेल्या दिवसांत ती अनुबोधपट काढणार. विषय कोणता, तर बायका आणि युद्ध.

अण्णांनी जिल्हा न्यायालयात चाळीस वर्षे फौजदारी वकिली केली आहे. त्यांनी उचललेली करंजी पुन्हा बशीत ठेवली आणि म्हणाले, "वकिलाने पुरावा द्यावा, सिनेमावाल्याने सिनेमा काढावा. दोन्ही करणारा माणूस दोन्हीकडे खोटा पडतो."

"बाबा, तुम्ही सिनेमा पाहण्याआधीच निकाल दिलात."

"निकाल नाही दिला. हरकत नोंदवली."

मी तेव्हा गप्प बसले. भाऊबीजेला बहिणीने भावाविरुद्ध बोलू नये असा आमच्या घरचा संकेत आहे. पण ती हरकत वर्षभर मनात कुसळासारखी टोचत राहिली, आणि अण्णा काही तिचे एकटे धनी नव्हेत. ज्यांना ज्यांना भाचीच्या उद्योगाविषयी सांगितले त्या बहुतेकांनी याच हरकतीचा कुठला ना कुठला अवतार ऐकवला. अण्णा हा अंक दरवर्षी विकत घेतात आणि फराळाच्या ताटाशी बसून वाचतात. तेव्हा माझे उत्तर त्यांना घरपोच मिळेल.

आधी एका शब्दाविषयी. आमच्या लहानपणी 'वकिलीणबाई' म्हणजे वकिलाची बायको. स्वतः वकिली करणाऱ्या बाईसाठी शब्दच नव्हता, कारण ती वस्तूच दृष्टीस पडत नसे. आणि तरी पहिली वकील बाई आपल्याच मातीतली. कॉर्नेलिया सोराबजी १८६६ साली नाशिकला जन्मल्या, पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकल्या, १८९२ साली ऑक्सफर्डला कायद्याची परीक्षा दिली. परत आल्या तर इथे बाईला वकिलीची सनद मिळेना. ती वाट १९२३ च्या कायद्याने मोकळी झाली. मधल्या काळात त्यांनी काय केले? १९०४ पासून बंगालच्या कोर्ट ऑफ वॉर्ड्समध्ये पडदानशीन बायकांच्या सल्लागार म्हणून काम केले. लाखोंच्या इस्टेटीच्या मालकिणी, पण पुरुष वकिलासमोर यायचे नाही, त्यामुळे त्यांचे म्हणणे कोर्टापर्यंत पोचायचेच नाही. पडद्याआड जाऊन ते ऐकणे आणि कोर्टाला समजेल अशा भाषेत बाहेर आणणे हेच सोराबजींचे काम. कॅमेरा तेवढा त्यांच्याजवळ नव्हता. पडद्याआड जाणाऱ्या वकिलाला आपण शंभर वर्षांनी मान देतो, आणि आज तेच करणारीला 'हे वकिलाचे काम नव्हे' म्हणून सांगतो!

आता अण्णांची मूळ हरकत घेऊ. पुरावा वेगळा, चित्रपट वेगळा. हे म्हणणे इतिहासाला धरून नाही. २९ नोव्हेंबर १९४५ रोजी न्युरेंबर्गच्या न्यायालयात नाझी पुढाऱ्यांसमोर पडदा टांगला गेला आणि छळछावण्यांवरचा सुमारे तासाभराचा चित्रपट दाखवला गेला. चित्रांत काही फेरफार केलेला नाही अशी शपथपत्रे सरकार पक्षाने त्याबरोबर दिली होती. म्हणजे चित्रपट, शपथपत्र आणि वकील हे त्रिकूट ऐंशी वर्षांचे जुने आहे.

पण त्याच न्युरेंबर्गात दुसरीही एक गोष्ट घडली, आणि ती मला जास्त बोलकी वाटते. फ्रान्सच्या सरकारी वकिलांपाशी बायकांवर झालेल्या अत्याचारांचे कागद होते. ते त्यांनी दाखल केले, पण त्यातला भयंकर तपशील वाचणे न्यायालयाची क्षमा मागून टाळले. सभ्य माणसे होती ती. त्यांच्या सभ्यतेचा परिणाम असा, की त्या सगळ्या महायुद्धात बायकांचे जे झाले त्याला मुख्य निकालपत्रात स्वतंत्र जागाच मिळाली नाही. त्या न्यायालयाच्या सनदेत बलात्कार हा शब्दही नव्हता. टोकियोच्या खटल्यातही जपानी सैन्याने कोंडून ठेवलेल्या कोरियन, चिनी, फिलिपिनो मुलींची ती सारी व्यवस्था आरोपपत्रावर स्वतंत्रपणे आलीच नाही. त्यांच्यापैकी किम हाक-सुन ही कोरियन बाई १९९१ साली पहिल्यांदा आपल्या नावानिशी उघडपणे बोलली. तोवर तिला म्हातारपण आले होते. पुढे ब्युन यंग-जू या दिग्दर्शिकेने १९९५ साली अशा म्हाताऱ्यांवर चित्रपट काढला. पन्नास वर्षे कायद्याने विचारले नाही ते कॅमेऱ्याने विचारले, असे कुणी म्हटले तर अण्णांनी कोणते कलम काढून दाखवावे?

'सणासुदीच्या अंकात असले विषय कशाला' असे म्हणणारेही आहेत. त्यांना फ्रान्सच्या त्या वकिलांची गोष्ट पुरे.

आता ज्या चित्रपटाने भाचीला या वाटेला लावले त्याच्याविषयी थोडे विस्ताराने लिहिते, कारण मीही तो पाहिला आहे आणि पाहिल्यावर रात्री बराच वेळ झोप लागली नाही. नाव 'कॉलिंग द घोस्ट्स', साल १९९६. मॅन्डी जेकबसन आणि कार्मेन येलिन्चिच या दोघींनी तो काढला. त्यातल्या दोन नायिका, याद्रांका त्सिगेल्य आणि नुस्रेता सिवात्स, बोस्नियातल्या प्रियेदोर गावच्या. लहानपणच्या मैत्रिणी. एक वकील, दुसरी न्यायाधीश.

म्हणजे बघा. ज्या बायका आयुष्यभर दुसऱ्यांच्या साक्षी ऐकत आल्या त्यांच्यावर साक्षीदार होण्याची पाळी आली. ३० एप्रिल १९९२ रोजी सर्ब सत्ताधाऱ्यांनी प्रियेदोर ताब्यात घेतले. नुस्रेता नेहमीप्रमाणे न्यायालयात गेली, तर दारात बंदूकधारी पहारेकरी आणि त्याच्या हातात यादी. यादीत नाव असेल त्याला आत जायचे नाही. आपल्याच कोर्टाच्या पायरीवरून न्यायाधीश परत फिरली. त्यानंतर थोड्याच दिवसांत दोघी ओमार्स्काच्या छावणीत पोचल्या. ती मूळची लोखंडाची खाण. हजारो पुरुष कैदी आणि त्यांच्यात या ३६-३७ बायका. दिवसा त्यांनी खाणावळीत कैद्यांना जेवण वाढायचे. रात्री ज्या खोल्यांत झोपायचे त्याच खोल्यांत दिवसभर कैद्यांची 'चौकशी' चाललेली असे, त्यामुळे निजण्यापूर्वी जमिनीवरचे रक्त पुसायचे. आणि रात्री पहारेकरी यायचे. त्यातले कुणी ओळखीचे, गावातले. सगळ्या बायका जिवंत सुटल्या नाहीत.

ऑगस्ट १९९२ मध्ये परदेशी वार्ताहर तिथे पोचले, जगभर बोभाटा झाला आणि छावणी मोडली. पुढे या दोघींनी काय केले? इतर बायकांच्या कहाण्या गोळा केल्या. नाव, गाव, तारीख, कोण होता, काय घातले होते, कुणी पाहिले. अगदी वकिली पद्धतीने. २५ मे १९९३ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने ठराव करून हेगचे न्यायालय स्थापले, आणि त्याने या गुन्ह्यांची दखल घेतली पाहिजे म्हणून झगडणाऱ्यांत या दोघी होत्या. ओमार्स्काच्या एका खटल्याचा निकाल २ नोव्हेंबर २००१ रोजी लागला. पाच जणांना शिक्षा झाल्या. त्यांच्यातल्या एका पाळीप्रमुखाला वीस वर्षे, आणि त्याच्यावर शाबीत झालेल्या गुन्ह्यांत बायकांवरचे अत्याचारही होते.

अण्णा म्हणतील, झाले ना मग? कोर्टाने काम केले, चित्रपटाचे काय काम? काम हे, की निकालपत्राला एकच प्रश्न विचारता येतो: आरोपीने हे केले का? बाईला हे सारे सांगायला किती दिवस लागले, सांगण्याआधी तिने घरच्यांचा कसकसा विचार केला, आणि ज्या मैत्रिणीबरोबर शाळेत जात होतो तिच्या शेजारी बसून हे आठवताना दोघींचे चेहरे कसे होतात, याचा खटल्याशी संबंध नाही. कुठल्याही न्यायाधीशाने ते 'असंबद्ध' म्हणून थांबवले असते, आणि कायद्याच्या दृष्टीने ते बरोबरच. पण ज्याला कायदा असंबद्ध म्हणतो त्यातच त्या बाईचे सारे आयुष्य गेलेले असते.

दुसरे. न्यायालय तिला वाचवते ते तिचे नाव काढून घेऊन. फोचा गावच्या खटल्यात सोळा बायका साक्षीला उभ्या राहिल्या. साक्षीदार ५०, साक्षीदार ७५, साक्षीदार ८७, अशी त्यांची कागदोपत्री नावे. २२ फेब्रुवारी २००१ रोजी तिघांना २८, २० आणि १२ वर्षांच्या शिक्षा झाल्या आणि बायकांना असे डांबून ठेवणे ही मानवतेविरुद्धची गुलामगिरी ठरली. फार मोठा निकाल. तो मिळवून देणाऱ्या बायका मात्र आकडेच राहिल्या, आणि २०११ साली त्यांच्यावर निघालेल्या अनुबोधपटालाही त्यांची ओळख झाकूनच ठेवावी लागली. चेहरा दाखवला तर जिवाला धोका, झाकला तर माणूस नाहीसा. या दोन्हींत रोज तोल सांभाळायचा, तर तो कायदा न जाणणाऱ्या कॅमेरावाल्याला सांभाळेल की कायदा जाणणाऱ्या बाईला?

रुआंडाचे उदाहरण तर अण्णांनी वकील म्हणूनच वाचावे. ताबा गावचा प्रमुख आकायेसू याच्यावर वंशसंहाराचा खटला चालला होता. आरोपपत्रात बलात्काराचा उल्लेखही नव्हता. १९९७ च्या जानेवारीत एक साक्षीदार बाई भलत्याच प्रश्नाला उत्तर देता देता आपल्या लहान मुलीवर झालेला अत्याचार बोलून गेली. समोर तीन न्यायाधीश होते. त्यांच्यातली एकटी बाई म्हणजे दरबानची तमिळ कुळातली नवी पिल्ले. १९६७ साली नाताळ प्रांतात स्वतःचे वकिलीचे कार्यालय उघडणारी ती पहिली गौरेतर स्त्री. तिने तो धागा सोडला नाही, प्रश्न विचारले. पुढे आरोपपत्र दुरुस्त झाले आणि २ सप्टेंबर १९९८ रोजी, बलात्कार हाही वंशसंहाराचे साधन ठरू शकतो, असा आंतरराष्ट्रीय न्यायालयाचा पहिला निकाल लागला. २०१५ साली या खटल्यावर 'द अनकन्डेम्ड' हा अनुबोधपट निघाला, तेव्हा साक्षीला गेलेल्या काही बायका स्वतःहून उघड्या चेहऱ्याने कॅमेऱ्यासमोर बसल्या. आकड्याच्या मागून बाहेर कधी यायचे हे त्यांनी ठरवले. हक्क म्हणतात तो हा.

आता एक हरकत अशी आहे की ती सहसा तोंडावर बोलली जात नाही. बायकांच्या विषयावर बाईनेच चित्रपट काढला, बाईनेच वकिली केली, तर ती पक्षपाती. हेगला ही हरकत चक्क लेखी दाखल झाली होती. फुरुंजिया नावाच्या आरोपीला १९९८ च्या डिसेंबरात शिक्षा झाली. खंडपीठाच्या अध्यक्षा झांबियाच्या फ्लॉरेन्स मुंबा. आरोपीने अपिलात म्हटले की या बाई पूर्वी संयुक्त राष्ट्रांच्या स्त्रीविषयक आयोगावर होत्या, सबब त्या निःपक्षपाती नाहीत. २००० साली अपील न्यायालयाने हे म्हणणे फेटाळले. फेटाळले हे ठीकच, पण हरकत घ्यावीशी वाटली हे लक्षात ठेवा. लष्करात नोकरी केलेला न्यायाधीश युद्धगुन्ह्याचा खटला चालवायला बसला तर त्याला आपण 'जाणकार' म्हणतो!

त्याच खटल्यात आणखी एक डाव झाला. साक्षीदार बाईने मानसिक उपचार घेतले होते, त्याचे कागद बाहेर आले, आणि बचावाने म्हटले, हिची स्मृतीच विश्वासार्ह नाही. एवढ्यासाठी पुन्हा सुनावणी झाली. न्यायालयाने ते मानले नाही. परंतु ज्या बाईला असे उलटतपासायचे असते, तिचे चित्रपटातले एखादे वाक्य साक्षीतल्या वाक्याशी जुळले नाही तर काय होईल, हे कोणत्याही वकिलाला सांगायला नको. अण्णांच्या हरकतीत एवढा दाणा खरा आहे, आणि तो मी मान्य करते. चित्रपट कापून जोडलेला असतो. तीन तासांच्या बोलण्यातली चार मिनिटे ठेवतात. म्हणून तर न कापलेले सगळे चित्रण तारीखवार जपून ठेवावे, बाईला आधी समजावून सांगावे की हे उद्या तुझ्याविरुद्ध वापरले जाईल, आणि तिने नको म्हटले की थांबावे. हे कोण शिकवणार? चित्रपटाच्या शाळेत हे शिकवतात की नाही मला ठाऊक नाही, पण उलटतपासणी घेतलेल्या बाईला ते हाडात मुरलेले असते.

न मुरलेल्यांचे काय होते त्याचा एक किस्सा एडवर्ड बेहर या वार्ताहराने आपल्या आठवणींच्या पुस्तकाला शीर्षक म्हणूनच वापरला. काँगोतल्या बंडाळीतून सुटून विमानतळावर आलेल्या युरोपियन निर्वासितांच्या घोळक्यात एक टेलिव्हिजनवाला शिरला आणि ओरडून विचारू लागला की अत्याचार झालेले आणि इंग्रजी बोलता येणारे इथे कुणी आहे का. अशा कॅमेऱ्याविरुद्ध अण्णांच्या आधी मी उभी राहीन. अश्रू आला की भिंग जवळ नेणारे, मागे सारंगी लावणारे आणि त्या बाईच्या गावी पुन्हा कधी न फिरकणारे पुष्कळ आहेत. त्यांना बक्षिसेही मिळतात.

आपल्याकडचे काय? १९७१ साली आपल्या शेजारी जे घडले ते आपण सगळ्यांनी थिएटरात मुख्य चित्रपटाच्या आधी वार्तापटांत पाहिले. पेडर रोडच्या फिल्म्स डिव्हिजनने काढलेला सुखदेव यांचा १९७२ चा चित्रपट अजून ज्यांच्या डोळ्यांसमोर आहे असे लोक या वाचकांत असतील. त्या युद्धानंतर शेख मुजीब यांच्या सरकारने अत्याचार झालेल्या बायकांना 'बीरांगना' अशी पदवी दिली. आपली वीरांगनाच ती. हेतू थोर होता. पण लोकांनी एक अक्षर फिरवून तिचे वारांगना केले. बंगालीतही तो शब्द आहे आणि मराठीतही आहे, म्हणून मला तो जास्तच लागतो. पदवी मिळालेल्या कितीतरी बायकांनी मग पन्नास वर्षे तोंड मिटून काढली. लीसा गाझी या बांगलादेशी कुळाच्या लेखिकेने २०१८ साली अशा काही बायकांवर 'रायझिंग सायलेन्स' काढला, तोवर त्यांच्यातल्या किती उरल्या होत्या?

आणि आपल्या घरातले युद्ध? १९६२ साली आईने संरक्षण निधीला आपल्या दोन बांगड्या दिल्या, हे आमच्या घरी कौतुकाने सांगितले जाते. त्याच वर्षी आमच्या गल्लीतली एक मुलगी कपाळ पुसून माहेरी परत आली, तिच्याविषयी कुणी काही सांगत नाही. तिचे नावही मला आठवत नाही, याची मला लाज वाटते. सातारा जिल्ह्यात अपशिंगे नावाचे गाव आहे. सैनिकांचे गाव म्हणून त्याला अपशिंगे मिलिटरी म्हणतात. पहिल्या महायुद्धात या एका गावचे ४६ जवान पडले आणि त्यांचा स्मृतिस्तंभ तिथे आहे. दगडावर आकडा पुरुषांचा आहे. त्यांच्यामागे किती चुली विझल्या हे कुठल्या दगडावर कोरलेले असते?

भाची सध्या त्याच जिल्ह्यातल्या गावांतून युद्धविधवांना भेटते. वकील असल्यामुळे ती रडण्यापाशी थांबत नाही, कागद मागते. शौर्यपदक मिळालेल्या जवानाच्या विधवेला जो भत्ता मिळे, तो ती पुन्हा लग्न करीपर्यंतच. मात्र तिने नवऱ्याच्या सख्ख्या भावाशी लग्न केले तर तो चालू राही. ही अट कधी निघाली? २०१७ च्या नोव्हेंबरात! म्हणजे कारगिलनंतरही अठरा वर्षे सरकारदरबारी शूराच्या बायकोला दिरापुरतीच मोकळीक होती. कॅमेरावाला ही ओळ वाचून पुढे गेला असता. भाचीने ती वाचली आणि मग प्रत्येक म्हातारीला विचारले, "आजी, तुम्हाला दिराशी लग्न कर म्हणून कुणी म्हटलं होतं का?" उत्तर देण्याआधी बहुतेकजणी आधी दाराकडे पाहतात, असे ती सांगते. ते पाहणे तिने चित्रपटात ठेवले आहे.

श्रावणात ती आमच्याकडे आली तेव्हा तिने त्यातला कच्चा तुकडा लॅपटॉपवर दाखवला. १९७१ च्या एका विधवेची मुलाखत. एकोणिसाव्या वर्षी नवरा गेला. पेन्शनच्या कागदावर सासऱ्याने तिचा अंगठा घेतला, पैसे वर्षानुवर्षे तोच घेत राहिला. तिने हे मोजक्या शब्दांत सांगितले, आणि मग म्हणाली, "बाय, आता ते तुझं बंद कर." पडदा काळा झाला. पुढे ती तासभर बोलली म्हणे. काय बोलली ते भाचीने मलाही सांगितले नाही.

अण्णा आरामखुर्चीत बसून पाहत होते. संपल्यावर ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "हे कोर्टात टिकायचे नाही." भाची म्हणाली, "ठाऊक आहे, बाबा." थोड्या वेळाने त्यांनी चष्मा पुसला आणि विचारले, "अंगठा घेतला तेव्हा हजर कोण होते? तलाठी की पोस्टमास्तर? तारीख विचारलीस का?" ती उठून वही घेऊन आली. मी आत जाऊन दोघांचे पान वाढले, पण जेवायला ती दोघे साडेदहाला उठली. मुदत केव्हाच टळून गेली आहे हे दोघांनाही माहीत होते.